मुक्काम पोस्ट मुलुंड, हल्ली न्यू जर्सी

अमेरिकेचा पर्यटक व्हिसा, आपल्या घरांतला ‘बी-टू’, भारतीयांना साधारणपणे दहा वर्षांचा मिळतो. मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या सोसायटीत ‘आईबाबांना दहा वर्षांचा मिळाला’ ही बातमी लिफ्टच्या आधी सातव्या मजल्यावर पोचते. पासपोर्टात चिकटवलेला तो रंगीत कागद जरा नीट वाचून बघावा. नाव आहे, फोटो आहे, दिल्याची तारीख आहे, संपायची तारीख आहे. तिकडे गेल्यावर किती दिवस राहायचं, ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही.

लिहिलेलं नाही, कारण व्हिसा देणाऱ्याला ते ठरवायचा अधिकारच नाही. व्हिसा म्हणजे अमेरिकेच्या दारापर्यंत जाऊन ‘आत येऊ का?’ असं विचारायची परवानगी, एवढंच. राहायची तारीख ठरवतो दारावर बसलेला अधिकारी, आणि ती आय-९४ नावाच्या नोंदीत जाते. पूर्वी हा पांढरा कार्डाचा तुकडा पासपोर्टला स्टेपल करून देत. विमानाने येणाऱ्यांसाठी तो २०१३ साली बंद झाला. आता नोंद संगणकात असते आणि ती सरकारी संकेतस्थळावर जाऊन आपली आपण बघायची असते. यातून जे निघतं ते ऐकून पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसत नाही. व्हिसा उद्या संपणार असला तरी आज आत गेलेल्या माणसाला पुढचे सहा महिने कायदेशीर राहता येतं. उलट व्हिसाची आठ वर्षं शिल्लक आहेत आणि आय-९४ वरची तारीख काल गेली, तर तो माणूस आज चुकीच्या बाजूला उभा आहे.

बरं, हे दार अमेरिकेतच असतं असंही नाही. अंधेरीला सहारच्या विमानतळावरून अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांची तपासणी २०१४ पासून अमेरिकेचे अधिकारी अबू धाबीतच करतात. म्हणजे अमेरिकेची सीमा आखाताच्या किनाऱ्यावर ओलांडायची आणि न्यू यॉर्कला उतरायचं ते जणू शिकागोहून आल्यासारखं.

सहा महिने हा आकडा आपल्याकडे इतका रुळलाय की तो रिवाज वाटतो. तो लेखी नियम आहे. बी-टू वर आलेल्या पाहुण्याला, प्रवेश द्यायचाच असेल तर, त्याने कमी दिवस मागितले तरी सहसा किमान सहा महिने द्यावेत, असं अमेरिकेच्या नियमावलीत म्हटलंय. जास्तीत जास्त वर्षभर देता येतं, आणि मुदत वाढवायची तर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत. पासपोर्ट आधी संपत असेल तर तारीख अलीकडे येऊ शकते, म्हणून निघण्यापूर्वी अंधेरीच्या किंवा मालाडच्या पासपोर्ट सेवा केंद्रात एक खेप घातलेली बरी. नियम एवढा उदार का, याचं कारण मला कुठे वाचायला मिळालं नाही, पण उपनगरांतल्या आजी-आजोबांची पाच-सहा महिन्यांची सगळी गणितं, लेकीच्या बाळंतपणापासून सोसायटीच्या आगाऊ भरलेल्या मेंटेनन्सपर्यंत, त्या एका ओळीवर उभी आहेत.

मात्र त्या दारापर्यंत पोचण्याआधी वांद्रे-कुर्ला संकुलातली खिडकी लागते. अमेरिकेची वकिलात २०११ पर्यंत ब्रीच कँडीला, वांकानेरच्या महाराजांच्या जुन्या वाड्यात होती. मुलुंडकरांना तिथे पहाटे पोचायचं म्हणजे आदल्या रात्रीपासून तयारी. आता ती बीकेसीत आल्यामुळे उपनगरांना जवळ पडते. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यावर १९५२ च्या कायद्याने एक विलक्षण बंधन घातलंय: समोर आलेला प्रत्येक माणूस कायमचा राहायलाच निघालाय असं धरून चालायचं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी समोरच्याची. चाळीस वर्षं एका बँकेत इमानेइतबारे नोकरी केलेल्या, घाटकोपर सोडून कधी ठाण्यातही घर न बघितलेल्या गृहस्थाबद्दलही कायद्याचं पहिलं मत हेच. म्हणून लोक फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट, पेन्शनचं पासबुक, मुदत ठेवींच्या पावत्या अशी जाडजूड फाइल घेऊन जातात. बहुतेकांची फाइल न उघडताच परत येते. दोन-तीन प्रश्न, चेहऱ्याकडे एक नजर, संपलं. पण प्रश्न कुठलेही असोत, आतला प्रश्न एकच: तुमचं घर कुठे आहे? आणि पास व्हायचं उत्तरही एकच: इथे, मुंबईत.

हा प्रश्न लक्षात ठेवा. कारण पुढे प्रत्येक खिडकीवर तो येतो, आणि बरोबर उत्तर दर वेळी बदलतं.

समजा आजी एप्रिलच्या सुरुवातीला गेली. तारीख मिळाली ऑक्टोबरच्या सुरुवातीची. बाळ आलं सप्टेंबर संपता संपता. ठरल्या दिवशी परत निघायचं म्हणजे लेकीचा सव्वा महिनासुद्धा पुरा होत नाही. इथे आय-५३९ हा अर्ज येतो, घरातल्या भाषेत ‘एक्स्टेन्शन’. नवरा-बायको एकाच अर्जात बसतात, दुसऱ्यासाठी आय-५३९ए ची पुरवणी जोडायची. एप्रिल २०२४ पासून शुल्क ऑनलाइन ४२० डॉलर, कागदावर ४७०. बोटांच्या ठशांचे वेगळे ८५ डॉलर लागायचे, ते २०२३ च्या ऑक्टोबरपासून माफ झाले. (हे आकडे बदलत असतात, भरण्याच्या दिवशी बघून घ्यावेत.) तारीख संपायच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करा, असं हे अर्ज बघणारं अमेरिकेचं खातंच सांगतं. अर्जासोबत द्यायच्या पत्रात तीन गोष्टी लागतात: आणखी का राहायचंय, खर्च कोण करणार, आणि परत जाणार हे कशावरून. शेवटची पुन्हा तीच. मुलुंडचं घर, पेन्शन, परतीचं तिकीट. मंजुरी आली तर बदलते ती फक्त आय-९४ ची तारीख, पासपोर्टातल्या व्हिसाला कोणी हातही लावत नाही.

आता यातली मला सगळ्यात नवलाची वाटलेली जागा. अर्ज वेळेत पोचला, पण उत्तर आलं नाही आणि मुदतीची तारीख उलटून गेली. आजीचं काय? तिची मुदत संपलेली आहे, म्हणजे ‘पाहुणी’ हा दर्जा तिच्याकडे राहिला नाही. पण ती बेकायदाही नाही, कारण अर्ज वेळेत केलेला आणि खरा असेल, आणि मध्ये कुठे नोकरी केलेली नसेल, तर निकाल लागेपर्यंतचे दिवस बेकायदा मुक्कामात धरले जात नाहीत. आजी सकाळी तुळशीच्या शोधात शेजारच्या भारतीय दुकानात जाते, दुपारी बाळाला तेल लावते, आणि कायद्याच्या दोन कप्प्यांमधल्या फटीत राहते. कधी उत्तर काही आठवड्यांत येतं. कधी मागितलेले सहा महिने सरतात, आजी मुलुंडला येऊन वर्षाचे पापडही करते, आणि मग तिकडून पत्र येतं. असं मध्येच निघून येण्यात गैर काही नाही. फक्त अर्जाची पावती जपून ठेवायची, पुढच्या वेळी दारावर कोणी विचारलं तर दाखवायला. नकार आला तर मात्र लगेच निघायचं.

अर्ज न करता तारीख ओलांडणाऱ्यांना कायदा माफ करत नाही. दहा वर्षांचा तो व्हिसा आपोआप रद्द होतो आणि पुढचा आपल्याच देशात येऊन मागावा लागतो. बेकायदा मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त झाला आणि मग परतलात तर तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्षभर किंवा अधिक झाला तर दहा. ही तरतूद १९९६ च्या कायद्यातली. साठी-सत्तरीच्या माणसाला दहा वर्षांची बंदी म्हणजे नातवाची मुंज, शाळा, सगळं फोनच्या पडद्यावर.

२०२० च्या मार्चमध्ये या फटीत एकदम गर्दी झाली. २२ मार्चला भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबवली. मार्च-एप्रिलात परतायचं ठरवून गेलेले उपनगरांतले कितीतरी आजी-आजोबा तिकडेच राहिले. इकडे मुलुंडचं घर बंद, तिकडे तारीख जवळ येणारी. ज्यांनी आयुष्यात कधी सरकारी अर्ज उशिरा भरला नव्हता, त्यांनी ‘विमानच नाही’ हे कारण लिहून एक्स्टेन्शन मागितलं. अमेरिकेच्या खात्यानेही साथीमुळे उशीर झालेल्या अर्जांचा विचार करू असं जाहीर केलं. वंदे भारत मोहिमेची पहिली विमानं ७ मे २०२० ला उडाली आणि नियमित विमानसेवा सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. घर कुठे या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे जाता येत नव्हतं.

पण अमेरिकेत प्रश्न विचारणारी खिडकी एकच नाही. करखातं वेगळं. त्याला व्हिसाशी फारसं देणंघेणं नाही, ते दिवस मोजतं. या वर्षीचे सगळे दिवस, अधिक मागच्या वर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश, अधिक त्याच्या मागच्या वर्षीच्या दिवसांचा एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली (आणि या वर्षीचे किमान ३१ असले) की तुम्ही करापुरते अमेरिकेचे रहिवासी. आता कोणी दर वर्षी नेमाने १२२ दिवस लेकीकडे राहतं असं धरा. तिसऱ्या वर्षी हिशोब: १२२, अधिक ४० आणि दोन तृतीयांश, अधिक २० आणि एक तृतीयांश. बरोबर १८३! वर्षाला चार महिने, एक दिवसही एक्स्टेन्शन नाही, आणि तरी उंबरठा अचूक गाठलेला. त्याच माणसाने बीकेसीत ‘मी पाहुणा’ असं सांगितलेलं असतं आणि ते खरंही असतं. त्यावर उपाय आहे. त्या वर्षीचे दिवस १८३ पेक्षा कमी असतील तर ‘माझं खरं घर, माझी जास्त जवळीक भारताशी’ असं सांगणारा ८८४० क्रमांकाचा अर्ज भरता येतो. एप्रिल ते डिसेंबर मुक्काम झालेल्या आजीला तो चालत नाही. तिला भारत-अमेरिका यांच्यातल्या १९८९ च्या कर कराराकडे जावं लागतं, आणि तो करार काय विचारतो? कायमचं घर कोणत्या देशात आहे, आणि दोन्हीकडे असेल तर जिव्हाळ्याचे संबंध कुठे जास्त. लेक न्यू जर्सीत, फ्लॅट मुलुंडला. जिव्हाळा कुठे जास्त हे ठरवणं करखात्याच्या कामात बसतं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

भारताचं करखातंही दिवस मोजतं, पण एप्रिल ते मार्च. १८२ दिवस इथे असलात तर रहिवासी, हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरी कसोटी कमी जणांना माहीत असते: वर्षात ६० दिवस इथे आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथे, एवढं पुरतं. नातवंडांकडे सहा-आठ महिने जाऊन येणारा पेन्शनर याच कसोटीने इथला रहिवासी राहतो. तेव्हा ‘बाबा आता एनआरआय झाले’ असं कट्ट्यावर कोणी म्हटलं तर बाबांनी फार खूश होऊ नये.

शिवाय नोव्हेंबर. पेन्शन देणाऱ्याला तुम्ही कुठे राहता याची फिकीर नाही, तुम्ही आहात ना, एवढंच त्याला हवं असतं. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला. पूर्वी बँकेत जाऊन सही करायची, त्यासाठी लोक तिकिटं पुढेमागे करून दिवाळी आटोपताच परतत. १० नोव्हेंबर २०१४ ला ‘जीवन प्रमाण’ सुरू झालं आणि अंगठ्यावर काम होऊ लागलं. २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून, डोळे मिचकावून आपण जिवंत असल्याचं सांगता येतं. परदेशात असलेल्यांना तिथल्या भारतीय वकिलातीतूनही दाखला मिळतो. मुदतवाढीच्या अर्जात अमेरिकेला सांगायचं की माझी मुळं मुलुंडला आहेत, आणि त्याच आठवड्यात मुलुंडच्या बँकेला कळवायचं की मी न्यू जर्सीत सुखरूप आहे.

या सगळ्या गुंत्याला कॅनडाने एक सरळ उत्तर काढलंय, तेही अडचणीतून. २०११ साली तिथे आईवडिलांना कायमचं बोलावण्याच्या रांगेत दीड लाखाहून जास्त माणसं तुंबली होती. सरकारने नोव्हेंबरात नवे अर्ज घेणंच थांबवलं आणि १ डिसेंबरला ‘सुपर व्हिसा’ सुरू केला, खास आईवडील आणि आजी-आजोबांसाठी. दहा वर्षांपर्यंत ये-जा, आणि ४ जुलै २०२२ पासून एका खेपेत सलग पाच वर्षं मुक्काम. अट म्हणजे मुलाचं उत्पन्न ठरावीक किमान पातळीच्या वर हवं, म्हाताऱ्यांची वैद्यकीय तपासणी हवी, आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा हवा. विम्याचा हप्ता वयाबरोबर चढतो आणि मधुमेह-रक्तदाब असला की आणखी चढतो, खरा खर्च तिथेच. पण या व्हिसाचं कौतुक अशासाठी की त्याने एक साधी गोष्ट मान्य केली: आजी पर्यटक नाही आणि स्थलांतरितही नाही. ती आजी आहे. न्यूझीलंडनेही २९ सप्टेंबर २०२५ पासून आईवडिलांसाठी पाच वर्षांचा तसाच व्हिसा काढला. ब्रिटन अजून सहा महिन्यांवरच आहे. दहा वर्षांचा व्हिसा घेतला तरी एका भेटीत सहा महिनेच. सधन निवृत्तांसाठी तिथे वेगळा व्हिसा होता, तो २००८ साली बंद झाला.

ऑस्ट्रेलियाचं गणित आणखी निराळं. तिथे आईवडिलांच्या कायम व्हिसासाठी सरकार तुमची मुलं मोजतं. किमान निम्मी मुलं ऑस्ट्रेलियात स्थायिक हवीत, किंवा इतर कोणत्याही एका देशापेक्षा तिथे जास्त हवीत. एक मुलगा मेलबर्नला, एक घाटकोपरला: आई पास. त्यांना बोरिवलीत दिलेली एक बहीण असली की आई नापास. पास झालेल्यांनाही रांग आहे. कमी पैशांच्या ‘वृद्ध पालक’ रांगेची लांबी तिथलं खातंच तीसेक वर्षं सांगतं, आणि त्या रांगेत उभं राहायला वय लागतं ६७. बेरीज ज्याची त्याने करावी. म्हणून १७ एप्रिल २०१९ पासून ८७० क्रमांकाचा तात्पुरता व्हिसा आला: तीन किंवा पाच वर्षं, एकूण दहापर्यंत, मुलं मोजायची भानगड नाही, वर्षाला १५ हजार व्हिसांची मर्यादा आणि शुल्क हजारो डॉलर.

ज्यांना ‘रिटायरमेंट व्हिसा’ म्हणून जगभर ओळखतात ते थायलंडचे (वय ५०, बँकेत आठ लाख बाट) किंवा दुबईचे (वय ५५, पाच वर्षं) व्हिसा फक्त वय आणि पैसे बघतात. त्यात ना नातवंड, ना बाळंतपण. बोरिवलीहून त्यांच्यासाठी फार कोणी जाताना मी पाहिलं नाही.

राहिलं ग्रीन कार्ड. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेचे नागरिक झाले आणि वयाची २१ वर्षं पूर्ण असली, की आईवडिलांना कायमचं बोलावता येतं. भावंडांसारखी वर्षानुवर्षांची रांग नाही, संख्येची मर्यादा नाही. एक्स्टेन्शनच्या कटकटीला कंटाळून बरेच जण ते करतात. कार्ड आलं की त्याच क्षणी बरोबर उत्तर उलटं होतं. काल सिद्ध करायचं होतं की घर मुलुंडला आहे. आजपासून सिद्ध करायचं की घर न्यू जर्सीत आहे. पूर्वी दारावरचा अधिकारी विचारायचा, ‘इथे एवढे दिवस काय करत होता?’ आता विचारतो, ‘तिथे एवढे दिवस काय करत होता?’ भारतात सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलं की प्रश्न सुरू होतात, वर्ष उलटलं की एरवी ते कार्ड परत आत शिरायला चालत नाही. आधीच ठाऊक असेल तर दोन वर्षांपर्यंतचं पुनर्प्रवेशाचं परवानापत्र मिळतं, पण त्याचा अर्ज अमेरिकेत हजर असतानाच करावा लागतो. इकडच्या मुदत ठेवींचं व्याजही मग अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवायचं, आणि भारतातल्या खात्यांत मिळून कधीही दहा हजार डॉलरच्या वर रक्कम गेली तर त्याची वेगळी माहिती द्यायची. ज्यांनी आयुष्यभर बायकोलाही ठेवींचा आकडा सांगितला नाही, त्यांना हे फार जड जातं.

तिकडची थंडी सोसत नाही, गाडी चालवता येत नाही, गुडघ्याचं ऑपरेशन इथल्याच डॉक्टरकडे करायचं असतं. कारणं घरगुती असतात. मग काही जण कार्ड परत करतात. त्यासाठी आय-४०७ नावाचा अर्ज आहे. तो मुलुंडहून टपालाने पाठवता येतो आणि त्याला शुल्क नाही. कार्ड असं रीतसर सोडलं की पुन्हा साधा बी-टू मागायला आडकाठी नसते. आय-४०७ ची प्रत जवळ ठेवून अर्ज भरायचा, बीकेसीची तारीख घ्यायची, आणि फाइलमध्ये फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट सगळ्यात वर.